कोऱ्या फिल्टरचं वजन

प्रोफेसरबाईंना माणसं फारशी आवडत नसत, आणि हे त्यांनी कधी लपवलंही नाही. हवा आवडायची म्हणावं, तर तसंही नाही. हवेत कुणी काय घाण सोडली आहे ते शोधून काढायचं आणि सोडणाऱ्याच्या तोंडावर फेकायचं, हे मात्र त्यांना मनापासून आवडायचं. विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात बसून तीस वर्षं त्यांनी हेच केलं. विभागातले लोक त्यांना समोर मॅडम म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बाईंची सगळी कीर्ती एका गच्चीवर उभी होती. शहरापासून चाळीस किलोमीटरवर एक सिमेंटचा कारखाना, त्याला लागून एक गाव, आणि गावातल्या पाणीपुरवठा कचेरीच्या गच्चीवर बाईंचं यंत्र. यंत्र तरी कसलं, एक पंप आणि एक होल्डर. बिस्किटाएवढा पांढरा गोल फिल्टर प्रयोगशाळेत तोलायचा, डबीत घालून गावाला न्यायचा, होल्डरमध्ये रबरी कड्याखाली दाबून बसवायचा, चोवीस तास त्यातून हवा ओढायची आणि परत आणून पुन्हा तोलायचा. वजन वाढलं तेवढी धूळ. शिवाय महिन्यातून एकदा एक कोरा फिल्टरही न्यायचा. त्याचं सगळं अगदी तसंच करायचं, फक्त पंप सुरू करायचा नाही. बसवायचा, काढायचा, परत आणायचा. एवढं करूनही त्याचं वजन वाढलं, तर ती हवेतली धूळ नव्हे. ती आपल्या हाताची नाहीतर यंत्राची घाण. ती बाकीच्या आकड्यांतून वजा करायची. म्हणजे काहीही न मोजण्यासाठी ऐंशी किलोमीटरची ये-जा करायची. या कामाला कुणी हौसेने जात नसे.

त्या गच्चीने बाईंना आलेखावरची एक रेघ दिली होती. बरीच वर्षं धुळीचा आकडा अठ्ठावन्नच्या आसपास रेंगाळत होता. कायद्याची मर्यादा साठ. तेरा वर्षांपूर्वी तो एकाएकी एकाहत्तरवर गेला आणि तिथेच राहिला. त्याच वर्षी कारखान्याने भट्टीचं जळण बदललं होतं. बाईंनी दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून निबंध छापला. त्यावर त्यांना प्रोफेसरकी मिळाली, पारितोषिक मिळालं, सरकारी समित्यांवर खुर्ची मिळाली. कारखान्याचे लोक त्यांना शिव्या देत, आणि त्या शिव्या बाई पारितोषिकापेक्षा जास्त जपून ठेवत.

आता कारखान्याला दुसरी भट्टी हवी होती. मंगळवारी सुनावणी होती. एकाहत्तरचा आकडा टिकला तर भट्टी नाही, इतका साधा हिशेब. आणि कंपनीने आपल्या बाजूने बोलायला जो तज्ज्ञ उभा केला होता, तो बाईंचाच जुना विद्यार्थी होता.

त्याला बाई शंकासुर म्हणत. दोन वर्षं तो त्यांच्या हाताखाली होता, आणि त्या दोन वर्षांत त्याने एकही गोष्ट निमूटपणे मान्य केली नव्हती. तराजू शून्यावर आहे का? डबी नीट पुसली होती का? या नोंदीत तारीख आधी लिहिली की आकडा? महिन्याला एक या हिशेबाने त्याने चोवीस कोरे फिल्टर आणले, आणि एकूण एक जड निघाले. ते वजा केले असते तर एकाहत्तरचे पुन्हा अठ्ठावन्न झाले असते. तो म्हणाला, होल्डरमध्ये काहीतरी आहे. बाई सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "होल्डरमध्ये काही नाही, तुझ्या हातात आहे. येताना आंघोळ करून येत जा." विभाग खदखदून हसला. मग बाईंनी त्याचे चोवीसच्या चोवीस कोरे बाद केले, आधीच्या वर्षांचे जुने कोरे वापरले, आणि त्याच्या कागदावर शेरा मारला: कामात अस्वच्छ, भरवसा ठेवण्याजोगा नाही. असा शेरा घेऊन फिरणाऱ्याला कोणती प्रयोगशाळा दारात उभी करणार? चार ठिकाणी नाक घासून तो शेवटी कंपनीत शिरला. त्याला आता अकरा वर्षं झाली होती.

शुक्रवारी सकाळी त्याचं पत्र आलं. सुनावणीत मी पुढील मुद्दा उपस्थित करणार आहे: माझे चोवीस कोरे फिल्टर कोणत्या आधारावर बाद केले? खाली सही, आणि सहीखाली त्याच्या नावापुढे भलीमोठी पदवी, जी त्याला दुसऱ्याच विद्यापीठाने दिली होती.

"चोराच्या उलट्या बोंबा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी डीप फ्रीझरच्या किल्ल्या मागवल्या.

तोललेला एकही फिल्टर त्या टाकू देत नसत. सगळे डब्यांत घालून, वर तारीख लिहून, तळमजल्यावरच्या खोलीतल्या फ्रीझरमध्ये रचलेले असत. त्यांचा बेत सरळ होता. त्याच्या फिल्टरांवर बोटांचे डाग सापडणार, त्याचे फोटो काढायचे, आणि मंगळवारी भर सभेत पडद्यावर दाखवायचे. जिना उतरताना त्या कधी नव्हे ते गुणगुणत होत्या.

हातमोजे घालून त्यांनी पहिली डबी उघडली. फिल्टर मधोमध पांढराशुभ्र होता. कडेला मात्र एक करडं वर्तुळ उमटलं होतं, होल्डरच्या रबरी कड्याएवढं. दुसऱ्या डबीतही तेच. तिसरीत तेच. बोटाचा डाग कुठेच नाही. त्यांनी भिंग आणलं. करड्या वर्तुळात रबराचा बारीक चुरा चिकटलेला होता, खोडरबराने खोडल्यावर कागदावर राहतो तसा. चोवीस डब्या झाल्या आणि चोवीस वर्तुळं झाली.

रबराचं कडं वर्षातून एकदा बदलायचं असे. तेरा वर्षांपूर्वी जुन्या दुकानदाराशी बाईंचं वाजलं होतं आणि त्यांनी नव्या दुकानातून कडी आणायला सुरुवात केली होती. ती कडी झडत होती. शंकासुराचे हात स्वच्छ होते. घाण बाईंनी विकत आणलेली होती.

इथेही त्यांना लाज वाटली नाही, राग आला. आणि तो रागही शंकासुराचाच, की हा मेला बरोबर कसा निघाला. मग त्यांना आठवलं, की त्याच्यानंतर गच्चीचं काम भाचीकडे गेलं, आणि भाचीचे कोरे तर अकरा वर्षं अगदी हलके, जवळजवळ शून्य भरत होते. कडं तेच, होल्डर तोच, मग तिचे हलके कसे? बुडत्याला काडीचा आधार मिळावा तशा घाईने त्यांनी भाचीचा कप्पा ओढला.

भाची म्हणजे थोरल्या बहिणीची मुलगी. अठराव्या वर्षी शिकायला आली ती मावशीच्या घरीच राहिली, मावशीच्या हाताखाली तिने डॉक्टरेट केली आणि आता विभागात दोन दारं पलीकडे तिच्या नावाची पाटी होती. दुसऱ्यांच्या मुलांना उभं जाळणाऱ्या बाई तिच्या बाबतीत आंधळ्या होत्या. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. शिकलेल्या घरांत ही म्हण जरा जास्तच चालते.

भाचीच्या पहिल्या तीन डब्यांत करडी वर्तुळं होती. चौथीत फिल्टर सपाट होता. ना वर्तुळ, ना चुरा, ना दाबल्याची खूण. पाचवा तसाच, सहावा तसाच. होल्डरमध्ये नुसता बसवून काढला तरी फिल्टरवर कड्याची खूण उमटतेच. तिला काही इलाज नाही. हे फिल्टर होल्डरमध्ये कधी गेलेच नव्हते. गच्चीवरच काय, गावालाही गेले नव्हते. पाकिटातून काढले, तोलले, डबीत घातले, तारीख टाकली. बाईंनी साठाच्या वर डब्या उघडल्या. बोटं बधिर झाली तेव्हा त्या खाली फरशीवर बसल्या.

भाची वरच्या मजल्यावर तराजूच्या खोलीत होती. चिमट्याने फिल्टर उचलून काचेच्या आत ठेवत होती. बाईंनी दार लावलं आणि एक उघडी डबी तिच्यापुढे आपटली. तराजूवरचा आकडा थरथरला.

"हे काय आहे?"

भाचीने डबीकडे पाहिलं, मग मावशीच्या तोंडाकडे. ती लगेच समजली. विभागात ती मॅडम म्हणायची. आता म्हणाली नाही.

"कोरा फिल्टर आहे, मावशी."

"गच्चीवर गेला होता?"

"नाही."

"किती गेले?"

"पहिले तीन. तिन्ही जड निघाले होते, आठवतं तुला? तू तीन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. जेवायच्या टेबलावर सुद्धा नाही. चौथ्या दिवशी म्हणालीस, तुलाही त्याचाच वारा लागलेला दिसतोय."

"म्हणून खोटं करायचं?"

"त्याला तू आंघोळ करून ये म्हणालीस तेव्हा मी तिथेच उभी होते. एकवीस वर्षांची. मीही हसले होते सगळ्यांबरोबर. मला कळलं ना, इथे जड कोरा आणणाऱ्याचं काय होतं ते." तिचा आवाज चढला. "तुला शून्य हवं होतं, मी तुला शून्य दिलं. अकरा वर्षं दिलं. एकदा तरी आलीस गच्चीवर? एकदा तरी डबी उघडलीस? उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि मग विचारायचं, शेळी कुठे गेली!"

"तोंड सांभाळून बोल. घरात ठेवून घेतलं, शिकवलं, त्याचे हे पांग फेडलेस?"

"हो, हेच फेडले. तुझी रेघ सरळ ठेवली मी."

बाईंनी हात उचलला होता. तो त्यांनी तराजूच्या काचेवर टेकवला, आणि आकडा पुन्हा थरथरला. भाचीने सवयीने तराजू शून्यावर आणला.

"सांगणार आहेस मंगळवारी?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"सांग हवं तर. माझी पदवी जाईल, नोकरी जाईल. पण आईला मी सांगणार नाही, तूच सांग. फोन करून नाही, जाऊन सांग."

शनिवार आणि रविवार बाई घरात कोंडून राहिल्या. भाची मैत्रिणीकडे निघून गेली होती. गप्प बसणं अवघड नव्हतं. डब्या फ्रीझरमध्ये होत्या आणि किल्ल्या बाईंच्या पर्समध्ये. शंकासुराकडे फक्त नोंदवहीतले आकडे होते. त्याला विचारायचं ते विचारू दे, हात अस्वच्छ होते हे जुनं उत्तर पुन्हा तोंडावर मारता आलं असतं. त्यांनी स्वतःला बरंच समजावलं. कंपनी लबाड आहे. अठ्ठावन्न म्हणजे काही चांगली हवा नव्हे. भट्टी झाली तर गाव आणखी खोकेल. पोरीचं आयुष्य उभं राहिलंय, ते का मोडायचं? यातलं एकही कारण खोटं नव्हतं. पण प्रत्येक कारणाच्या तळाशी एकच गाळ होता, आणि तो बाईंना स्वच्छ दिसत होता: त्या कार्ट्याला तू बरोबर होतास असं म्हणायचं, या कल्पनेनेच त्यांच्या अंगाची आग होत होती.

शेवटी त्यांना बोलायला लावलं तेही काही फार थोर नव्हतं. रविवारी दुपारी भांडी घासता घासता त्यांच्या मनात आलं, की मंगळवारी तो एकेक प्रश्न विचारत जाईल. हळूहळू, चवीने, अकरा वर्षांचं उट्टं काढत. आणि आपण प्रत्येक प्रश्नाला खोटं बोलत जाऊ, आणि तो ते ओळखेल, कारण तो ओळखतोच. घाण सोडणाऱ्याच्या तोंडावर घाण फेकायची, हा आपला जन्माचा धंदा. आता तोंड आपलंच निघालं म्हणून काय ओढणीने झाकून घ्यायचं? फेकायचीच तर आपल्या हाताने फेकू. त्याला तेवढं सुख द्यायचं नाही, एवढं ठरल्यावर त्यांना झोप लागली.

सोमवारी त्या बसने बहिणीकडे जाऊन आल्या. तिथे काय झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ताईने चहा विचारला नाही, एवढं मात्र खरं.

मंगळवारचा हॉल लांबट होता, भिंतींना पिवळसर रंग, पंखे कुरकुरणारे. पुढे टेबलाशी समितीचे तिघे. एका बाजूला कंपनीचा वकील आणि शेजारी शंकासुर, केस विरळ झालेला, हातात टाइप केलेल्या प्रश्नांचे तीन कागद. दुसऱ्या बाजूला गावकरी. त्यांच्या पुढे गावच्या शाळेतल्या मास्तरीणबाई, ज्यांनी पाच वर्षं बाईंचे निबंध शाळेच्या फळ्याशेजारी चिकटवून ठेवले होते. शेवटच्या रांगेत भाची बसली होती. ती येईल असं बाईंना वाटलं नव्हतं.

अध्यक्षांनी शंकासुराला प्रश्न विचारायला सांगितलं. तो उठतो न उठतो तोच बाई उभ्या राहिल्या.

"त्यांना विचारायची गरज नाही. मीच सांगते."

त्यांनी डब्या टेबलावर मांडल्या, एका बाजूला चोवीस, दुसऱ्या बाजूला चोवीस. करडी वर्तुळं कशाची ते सांगितलं. सपाट फिल्टर कसले ते सांगितलं. "यांचे कोरे खरे होते, मी बाद केले. त्यानंतरचे कोरे खोटे आहेत. ते माझ्या भाचीने केले, माझ्या देखरेखीखाली, आणि प्रत्येकावर सही माझी आहे. तेरा वर्षांपूर्वी हवा बदलली नाही. माझ्या यंत्रातलं रबर बदललं. माझा निबंध मी मागे घेते आहे."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. भाची उठून बाहेर गेली. बाईंनी वळून पाहिलं नाही.

"मग खरा आकडा किती?" अध्यक्षांनी विचारलं.

"अठ्ठावन्न."

"म्हणजे मर्यादेच्या आत?"

"आत. दोनने."

कंपनीचा वकील इतका खूश झाला, की त्याने शंकासुराच्या पाठीवर थाप मारली. शंकासुर हसला नाही. त्याच्या हातातले कागद चुरगळत होते आणि मान लाल झाली होती.

मास्तरीणबाई उभ्या राहिल्या. त्यांना बोलायची परवानगी नव्हती, पण त्यांनी ती मागितलीही नाही. "मॅडम, माझ्या वर्गातली निम्मी पोरं पंप घेऊन शाळेत येतात. ते श्वास घ्यायचे पंप. त्यांची छाती काय रबराने भरली?"

"नाही," बाई म्हणाल्या. "त्यांची छाती खरीच आहे. आकडा खोटा होता."

"आमच्याकडे आकडाच होता हो. दुसरं काय होतं?"

बाईंनी उघडी राहिलेली एक डबी बंद केली. मास्तरीणबाईंनी पिशवी उचलली, टेबलाजवळ आल्या, वाकून त्या डब्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमच्यापेक्षा ते कारखानेवाले परवडले. ते निदान आमच्यासाठी काही करतो असं म्हणत नव्हते." एकामागून एक गावकरी त्यांच्यामागे निघाले. जेवणाच्या सुट्टीआधीच भट्टी मंजूर झाली.

बाई डब्या खोक्यात भरत होत्या तेव्हा शंकासुर टेबलाशी येऊन उभा राहिला. हॉलमध्ये दुसरं कुणी नव्हतं.

"अकरा वर्षं," तो म्हणाला, "अकरा वर्षं मी हे प्रश्न घोकत होतो, मॅडम. तुम्ही एकसुद्धा विचारू दिला नाहीत. हेही माझ्याकडून हिसकावून घेतलंत."

"त्यासाठीच बोलले."

"माहीत आहे. तुम्हाला मी चांगला ओळखतो." त्याने चुरगळलेले कागद टेबलावर टाकले. "जिंकलो मी आज. आणि कुणासाठी जिंकलो? त्या भट्टीसाठी. मला या बाजूला तुम्ही पाठवलंत."

"चालत तू गेलास. मी फक्त दार लावलं."

तो हात उगारतो की काय असं क्षणभर वाटलं. पण त्याने खुर्ची ओढली आणि तिच्या पाठीवर दोन्ही हात घट्ट टेकवले.

"एकच विचारतो. हा प्रश्न यादीत नव्हता. होल्डरमध्ये काहीतरी आहे असं मी तुम्हाला निदान दहादा म्हणालो असेन. दोन स्क्रू काढायचे होते फक्त. तुम्ही एकदाही उघडून का बघितलं नाहीत?"

बाईंच्या जिभेवर नेहमीची दोन-तीन उत्तरं होती, सगळी झोंबणारी. त्यांनी ती गिळली. हे उत्तर त्यांना शुक्रवारपासून ठाऊक होतं, आणि ते त्यांनी ना भाचीला सांगितलं होतं, ना ताईला, ना समितीला.

"कारण तू बरोबर निघाला असतास," त्या म्हणाल्या.

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी."

त्याने खुर्ची सरळ केली, बॅग उचलली आणि निघून गेला. जाताना त्याने नमस्कार केला नाही, आणि बाईंनीही त्याची वाट पाहिली नाही.